रे रोडचे लॉर्ड रे : डच घरात जन्मलेला स्कॉटिश उमराव आणि त्याचे भाऊबंद

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. मुंबईतील रे रोड ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते गव्हर्नर लॉर्ड रे काही पुस्तकांत स्कॉटिश सरदार, तर काही पुस्तकांत डच बॅरन म्हणून येतात, त्यांतले खरे कोणते? हेग शहरात जन्मलेला मनुष्य मुंबई इलाख्याचा गव्हर्नर झाला तो कसा? आणि त्याच काळात नेदरलँड्सचे पंतप्रधान असलेले मकाय म्हणजे हेच गृहस्थ का? कुलवृत्तांत आणि इंग्रजी अमदानीतील दफ्तरे यांच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि या घराण्याशी पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा मीही नेमका याच तीन ठिकाणी अडखळलो होतो. एका ग्रंथालयाच्या सूचीत तर गव्हर्नर आणि पंतप्रधान यांचे कागद एकाच माणसाच्या नावावर लावलेले मी पाहिले आहेत. थोडक्यात सांगायचे तर दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, मात्र त्या वेगवेगळ्या वर्षांना लागू पडतात. आणि पंतप्रधान मकाय हे गव्हर्नरांचे सख्खे चुलतभाऊ. पण या थोडक्यातल्या उत्तराने आपले समाधान होणार नाही, कारण खरी गंमत हा किताब एका देशातून दुसऱ्या देशात कसा फिरला त्यात आहे.

मकाय हे स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाचे कुळ. आपल्याकडच्या पुस्तकांत हे आडनाव कोठे 'मॅके' तर कोठे 'मॅकाय' असे छापलेले आढळते. उच्चाराला जवळचे म्हणून मी 'मकाय' लिहितो. सदरलँड परगण्यातील स्ट्रॅथनेव्हरचे खोरे आणि टंग येथील वाडा ही त्यांची मूळ जागा. सर डोनाल्ड मकाय यांनी १६२६ मध्ये स्वतःची पलटण उभारून ती डेन्मार्कच्या आणि पुढे स्वीडनच्या राजाच्या चाकरीत युरोपच्या तीस वर्षांच्या युद्धात उतरवली. १६२८ मध्ये त्यांना लॉर्ड रे हा किताब मिळाला आणि ते पहिले लॉर्ड रे झाले. नापीक डोंगराळ मुलूख, भरपूर माणसे आणि परक्या राजांची फौजी नोकरी, हा या कुळाचा तेव्हापासूनचा शिरस्ता म्हणावा लागेल.

दुसरे लॉर्ड रे यांच्यानंतर घराण्याच्या दोन पाती झाल्या. थोरली पाती स्कॉटलंडात जमीन आणि किताब सांभाळत राहिली. धाकट्या पातीचे मूळ पुरुष एनिअस मकाय हे आपले मामा जनरल ह्यू मकाय यांच्या मागोमाग हॉलंडच्या चाकरीत गेले. हे ह्यू मकाय म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा विल्यम तृतीय याचे स्कॉटलंडमधील सेनापती. १६८९ मध्ये किलिक्रँकीच्या खिंडीत त्यांचा पराभव झाला, आणि १६९२ मध्ये स्टेनकर्कच्या लढाईत फ्रेंचांशी लढताना ते पडले. मामाची बायको डच, भाच्याची बायकोही हॉलंडातली. डच प्रजासत्ताकाच्या पदरी सोळाव्या शतकापासून स्कॉटिश पलटणींची एक ब्रिगेड होती. तीत शिपाई स्कॉटिश, अधिकारी स्कॉटिश, अंगावर ब्रिटिशांसारखे लाल डगले, पगार मात्र डच तिजोरीतून. या ब्रिगेडमध्ये मकायांच्या पुढच्या पिढ्या वाढल्या. बापाच्या पाठोपाठ मुलगा पलटणीत दाखल होई, लग्ने छावणीच्या गावांतील डच घराण्यांत होत, आणि मुलांची नावे मात्र डोनाल्ड, एनिअस, ह्यू, एरिक अशी स्कॉटिशच राहत. वंशावळ तपासताना याच नावांनी माझी फार दमछाक केली आहे. एकाच कागदात तीन एनिअस आले की जन्मसालाखेरीज दुसरा आधार उरत नाही.

या घराण्याच्या इतिहासात खरा निर्णयाचा क्षण १७८२ च्या सुमारास आला. ब्रिटन आणि नेदरलँड्स यांच्यात तेव्हा युद्ध पेटले होते, आणि लाल डगल्यातली ही परकी ब्रिगेड डच सरकारला खुपू लागली होती. सरकारने हुकूम काढला की ब्रिगेड यापुढे डच राष्ट्रीय फौजेचा भाग होईल, गणवेश बदलेल, हुकूम डच भाषेत दिले जातील, आणि प्रत्येक अधिकाऱ्याने फक्त डच प्रजासत्ताकाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी. दोन दगडांवर पाय ठेवून दोनशे वर्षे चाललेली चाकरी एका कागदावर येऊन थांबली. अनेक अधिकाऱ्यांनी शपथ नाकारली आणि ते ब्रिटनला परतले. आपल्या मकायांची धाकटी पाती मागे राहिली. येथून पुढे हे लोक नावाने स्कॉटिश आणि बाकी सर्व बाबतींत डच झाले.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो, कारण तिचा धागा थेट विदर्भात येतो. परतलेल्या अधिकाऱ्यांना हाताशी धरून ब्रिटिशांनी पुढे 'स्कॉच ब्रिगेड' पुन्हा उभी केली, आणि ती हिंदुस्थानात आली. १८०२ मध्ये तिला ९४ वी पलटण हा क्रमांक मिळाला. श्रीरंगपट्टण, अडगावची लढाई आणि डिसेंबर १८०३ मधील गाविलगडचा हल्ला, या तिन्ही ठिकाणी ती होती. गाविलगडच्या आतल्या तटाला शिड्या लावून प्रथम वर चढलेली तुकडी याच पलटणीची. हॉलंडातील एका शपथेचे धागेदोरे चिखलदऱ्याजवळच्या तटापर्यंत पोहोचतात, ते असे.

मागे राहिलेल्या पातीकडे विवाहसंबंधातून ओफेमर्टची जहागीर आली. वाल नदीच्या काठी, टील गावाजवळ, खेल्डरलँड प्रांतात हे गाव आहे. नेपोलियननंतर नेदरलँड्सचे राज्य स्थापन झाले आणि १८२२ मध्ये बार्थोल्ड मकाय यांना डच बॅरनपद मिळाले. येथे किताबांच्या दोन पद्धतींतला फरक ध्यानात घ्यावा, कारण बहुतेक गोंधळ यातूनच होतो. बॅरन हा डच किताब घराण्याला मिळाला की तो सर्व मुलांना, त्यांच्या मुलांना, एकाच वेळी लावता येतो. त्यामुळे एका काळी दहा बॅरन मकाय असू शकतात. स्कॉटिश उमरावपद मात्र एका वेळी एकालाच मिळते, आणि लॉर्ड रे हा किताब पुरुषसंततीच्या ओळीतच जातो. शिवाय आपल्याकडे संस्थानिकाला मूल नसले तर दत्तक घेऊन गादी चालवता येई, तशी सोय तेथे मुळीच नाही. थोरल्या पातीत औरस पुरुष वारस उरला नाही की वर चढायचे, धाकटी पाती शोधायची, आणि तिचा जो थोरला पुरुष असेल त्याच्या दारात किताब नेऊन ठेवायचा. मग तो कोणत्या देशात राहतो, कोणती भाषा बोलतो, हे किताब विचारत नाही.

थोरल्या पातीचे दिवस दरम्यान फिरले होते. सातवे लॉर्ड रे यांनी १८२९ मध्ये स्ट्रॅथनेव्हरचा वडिलोपार्जित मुलूख सदरलँड घराण्याला तीन लाख पौंडांना विकला. किताब राहिला, जमीन गेली. त्यांच्यामागून त्यांचा भाऊ आणि मग पुतण्या लॉर्ड झाले. हे पुतणे, म्हणजे नववे लॉर्ड रे, जून १८७५ मध्ये अविवाहित वारले आणि ती पाती तेथेच खुंटली. वकिलांनी वंशावळ उलगडली तेव्हा बोट थेट हेगमध्ये, बार्थोल्ड यांचे थोरले चिरंजीव बॅरन एनिअस मकाय यांच्यावर येऊन थांबले.

हे एनिअस तेव्हा सत्तरीला टेकलेले, नेदरलँड्सच्या राज्यपरिषदेचे उपाध्यक्ष. त्या परिषदेचे अध्यक्षपद राजाकडे असल्यामुळे प्रत्यक्ष कारभार उपाध्यक्षच पाहतो. अशा पदावरच्या माणसाने देश बदलण्याचा प्रश्नच नव्हता. ते दहावे लॉर्ड रे झाले, डचच राहिले, आणि नऊ महिन्यांत, मार्च १८७६ मध्ये, वारले. त्यांची पत्नी फाखेल घराण्यातली. हे असे घराणे की डच प्रजासत्ताकाच्या राष्ट्रसभेचे सचिवपद त्यांच्याकडे शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ वंशपरंपरेने चालले होते. म्हणजे आपल्या गव्हर्नरसाहेबांच्या दोन्ही बाजू राज्यकारभारात मुरलेल्या.

डोनाल्ड जेम्स मकाय यांचा जन्म २२ डिसेंबर १८३९ चा, हेगमधला. लायडन विद्यापीठातून १८६१ मध्ये त्यांनी कायद्याची डॉक्टरेट घेतली, सरकारी नोकरी केली, आणि १८७१ मध्ये ते डच संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आले. वडील कडव्या प्रॉटेस्टंट परंपरावादी पक्षाचे, मुलगा मात्र उदारमतवादी. वडिलांच्या मृत्यूनंतर ते अकरावे लॉर्ड रे झाले, पण कायद्याने अद्याप परदेशीच होते. वडिलांसमोर नसलेला प्रश्न त्यांच्यासमोर होता, कारण वय अवघे छत्तीस होते. त्यांनी ब्रिटन निवडले. १८७७ मध्ये ते ब्रिटिश प्रजाजन झाले, आणि त्याच वर्षी कॅप्टन अलेक्झांडर मिचेल या दिवंगत खासदारांच्या पत्नी फॅनी यांच्याशी त्यांनी विवाह केला. बर्विकशायरमधील कॅरोलसाइडचे घर पत्नीच्या बाजूने आले. पूर्वजांचा मुलूख विकला गेलेला असल्याने स्कॉटलंडच्या या कुळप्रमुखाला स्कॉटलंडमध्ये छप्पर मिळाले ते लग्नामुळे, ही बाब चरित्रांत सहसा एका ओळीत उरकली जाते. मला ती फार बोलकी वाटते.

अजून एक अडचण उरत होती. १७०७ च्या एकीकरणानंतर सर्व स्कॉटिश उमरावांना लॉर्ड सभेत आपोआप बसता येत नसे. ते आपल्यातून फक्त सोळा प्रतिनिधी निवडत. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या सरकारने १८८१ मध्ये त्यांना 'बॅरन रे ऑफ डर्नेस' हा युनायटेड किंग्डमचा वेगळा किताब देऊन सभागृहाचे दार उघडले. चार वर्षांनी, मार्च १८८५ मध्ये, सर जेम्स फर्ग्युसन यांच्यानंतर त्यांनी मुंबईची सूत्रे घेतली. ब्रिटिश प्रजाजन होऊन आठ वर्षेही पुरती लोटली नव्हती.

मुंबईतील पाच वर्षांबद्दल पुष्कळ लिहिता येईल. येथे त्यांच्या वळणावर प्रकाश टाकणाऱ्याच गोष्टी घेतो. आल्या वर्षी त्यांनी दादाभाई नवरोजींना कायदेमंडळात घेतले. पुढे फिरोजशहा मेहताही त्यांच्याच नियुक्तीने आत आले. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा कायदा, जो दुरुस्त्यांसह आजही शहराचा कारभार चालवतो, याच मंडळात घडला. माटुंग्याच्या आजच्या व्हीजेटीआयचे मूळ असलेली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्था १८८७ मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाली. पुण्याच्या अष्टकोनी मंडईला १८८६ मध्ये त्यांचे नाव मिळाले. या इमारतीवरच्या खर्चाला पुणे नगरपालिकेत महात्मा फुले यांनी विरोध केला होता, आणि आज त्याच रे मार्केटला महात्मा फुले मंडई म्हणतात. पुणेकर मात्र तेव्हाही आणि आताही नुसते 'मंडई'च म्हणतात, हा भाग वेगळा.

त्यांची खरी कसोटी लागली ती क्रॉफर्ड प्रकरणात. आर्थर क्रॉफर्ड म्हणजे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर, ज्यांच्या नावाचे मार्केट आपणा सर्वांना ठाऊक आहे. १८८८ मध्ये ते पुण्यास मध्य विभागाचे कमिशनर होते, गळ्यापर्यंत कर्जात बुडालेले होते, आणि बदल्या-बढत्यांसाठी मामलेदारांकडून पैसे उकळतात, हा बोलबाला जिल्ह्याजिल्ह्यांत होता. मध्यस्थ होता हणमंतराव. रे यांच्या सरकारने हणमंतरावावर खटला भरला, त्याला शिक्षा झाली, आणि क्रॉफर्ड यांना निलंबित करण्यात आले. ते वेषांतर करून निसटण्याच्या बेतात असता मुंबईत पकडले गेले. चौकशी आयोगापुढे साक्ष देणार कोण, हा खरा पेच होता, कारण लाच दिल्याची कबुली देणारा मामलेदार स्वतःच गुन्हेगार ठरत होता. रे यांच्या सरकारने मामलेदारांना अभयवचन दिले की खरे सांगाल तर नोकरीला धक्का लागणार नाही.

आयोगाने लाचखोरी सिद्ध झाली नाही असा निर्णय दिला. हाताखालच्या माणसांकडून कर्ज घेतल्याबद्दल मात्र क्रॉफर्ड यांची नोकरी गेली. मग वादळ मामलेदारांकडे वळले. लाच दिल्याचे कबूल केलेली माणसे न्यायदानाच्या खुर्चीवर कशी राहतात, असा सवाल ब्रिटिश संसदेत झाला. वचन पाळावे तर लंडन रागावते, मोडावे तर सरकारच्या शब्दाला किंमत उरत नाही. टिळकांनी आणि पुण्याच्या मंडळींनी मामलेदारांची बाजू लावून धरली. गोऱ्यांची वृत्तपत्रे उलट बाजूने गव्हर्नरांवर तुटून पडली, कारण त्यांनी एका बड्या युरोपियन अधिकाऱ्याला चव्हाट्यावर आणले होते. अखेर १८८९ मध्ये मामलेदारांना कायदेशीर संरक्षण देणारा कायदा झाला, पण काहींना पदे सोडावीच लागली आणि त्यांना भरपाई देण्यात आली. माझ्या मते अभयवचन अपुरे पाळले गेले, आणि त्याचा मोठा दोष लंडनकडे जातो. मुंबईच्या गोऱ्या अधिकारीवर्गाच्या नात्यागोत्यांच्या जाळ्यात हा परका उमराव पुरता गुंतलेला नव्हता, म्हणूनच क्रॉफर्ड यांच्यासारख्या माणसावर हात टाकणे त्याला जमले, असे माझे अनुमान आहे.

आता पंतप्रधानांविषयी. एनिअस मकाय हे गव्हर्नरांपेक्षा सुमारे वर्षभराने मोठे, त्यांच्या धाकट्या चुलत्यांचे चिरंजीव. आपल्या थोरल्या चुलत्यांच्या, म्हणजे दहाव्या लॉर्ड रे यांच्या, परंपरावादी पक्षातून ते पुढे आले आणि एप्रिल १८८८ मध्ये नेदरलँड्सचे पंतप्रधान झाले. स्त्रिया आणि मुले यांच्या कामाच्या तासांवर बंधन घालणारा आणि धार्मिक शाळांना सरकारी मदत खुली करणारा, असे दोन्ही कायदे १८८९ मध्ये त्यांच्या सरकारने केले. १८९० मध्ये त्यांनी वसाहतींचे खातेही स्वतःकडे घेतले. एप्रिल १८८८ ते एप्रिल १८९० अशी दोन वर्षे एक भाऊ हेगमध्ये देश चालवीत होता आणि दुसरा मलबार हिलवरून मुंबई इलाखा. एकाच आजोबांचे हे दोन नातू दोन वेगळ्या झेंड्यांखाली बसले होते. सूचीकारांचा घोटाळा होतो तो याच दोन वर्षांच्या कागदांत.

परतल्यावर रे यांनी निवृत्तीचा विचार केला नाही. १८९४-९५ मध्ये ते हिंदुस्थान खात्याचे उपमंत्री होते. १८९७ पासून १९०४ मध्ये ते मंडळ बरखास्त होईपर्यंत लंडन स्कूल बोर्डाचे अध्यक्ष. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अकादमीचे पहिले अध्यक्ष. आणि १८९३ पासून मृत्यूपर्यंत रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष. १९०७ मध्ये दुसऱ्या शांतता परिषदेसाठी ते ब्रिटनचे प्रतिनिधी म्हणून हेगला गेले. ज्या गावात जन्म झाला, राजकारणाची सुरुवात झाली, तेथे सदुसष्टाव्या वर्षी परक्या सरकारचा वकील म्हणून बसताना त्यांना काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. त्यांच्या नावाचे रे रोड स्थानक मात्र ते हयात असतानाच, १९१० मध्ये, हार्बर मार्गाच्या कुर्ला ते रे रोड या पहिल्या टप्प्याबरोबर सुरू झाले.

१ ऑगस्ट १९२१ रोजी कॅरोलसाइड येथे ते वारले. मूलबाळ नव्हते. पुन्हा वंशावळ उलगडली गेली, आणि किताब पुन्हा समुद्र ओलांडून हॉलंडात गेला. पंतप्रधान मकाय १९०९ मध्येच वारले होते, म्हणून त्यांचे चिरंजीव एरिक हे बारावे लॉर्ड रे झाले. तेही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले, आणि किताब त्यांच्या पंधरा वर्षांच्या एनिअस या मुलाकडे आला. दहावे आणि बारावे, दोघेही डच, दोघांनाही किताब काही महिनेच लाभला. तेरावे लॉर्ड मात्र पुढे १९३८ मध्ये ब्रिटिश नागरिक झाले, आणि १९५५ मध्ये स्कॉटिश उमरावांनी त्यांना प्रतिनिधी म्हणून लॉर्ड सभेवर निवडले. त्यांचे चिरंजीव ह्यू हे चौदावे लॉर्ड. हुजूर पक्षाचे राजकारणी म्हणून ते २०१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत लॉर्ड सभेत होते. अकराव्या लॉर्डांनी जी वाट एकट्याने धरली होती, ती घराण्याने साठ वर्षांनी पुन्हा धरली.

तेव्हा आपल्या नोंदीपुरते असे करावे: मार्च १८७६ पूर्वीच्या कागदात 'डोनाल्ड जेम्स, बॅरन मकाय, डच नागरिक' असे लिहावे, त्यानंतर 'अकरावे लॉर्ड रे', आणि नागरिकत्वासाठी १८७७ हे वर्ष धरावे. लॉर्ड सभेच्या कागदांत १८८१ नंतर 'बॅरन रे' एवढेच आढळले तरी माणूस तोच समजावा. डर्नेसचा तो दुसरा किताब मात्र १९२१ मध्ये त्यांच्याबरोबरच संपला. तो पुढच्या कोणत्याही लॉर्ड रे यांच्या नावापुढे लावू नये.